जोडीदाराची आधीची मैत्रीण पिच्छा सोडत नसेल तर काय करावं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: त्याच्या आधीच्या मैत्रिणीला स्वतः भेटून समजवावं का, पोलिसांत जावं का, आणि हे असंच चालणार असेल तर नातंच सोडावं का. भेटू नका. पोलिसांत जा, पण तयारीनिशी आणि त्याला सोबत घेऊन. तिसऱ्याचं उत्तर तिच्या वागण्यात शोधू नका, त्याच्या वागण्यात शोधा. बाकीचं सविस्तर लिहिते. माझ्या नवऱ्याच्या आधीच्या मैत्रिणीमुळे लग्नाआधीचा बराच काळ मीही याच फेऱ्यात काढला आहे आणि तेव्हा सरळ शब्दांत सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

ज्यांनी प्रश्न पूर्ण वाचला नसेल त्यांच्यासाठी: विचारणारी मुलगी पुण्यात नोकरी करते, आठ महिन्यांपासून एका मुलासोबत आहे. त्याचं आधीचं चार वर्षांचं नातं या दोघांची ओळख होण्यापूर्वीच तुटलं होतं. ती आधीची मुलगी मात्र नव्या-नव्या नंबरांवरून त्याला फोन करते, हिला बनावट अकाउंटवरून मेसेज पाठवते, हिच्या ऑफिसच्या रिसेप्शनपर्यंत येऊन गेली आहे आणि ‘जिवाचं बरंवाईट करून घेईन’ असं म्हणते. तो म्हणतो, ‘दुर्लक्ष कर, होईल शांत,’ आणि घाबरून मधूनमधून तिच्याशी बोलतो.

पाणी नेमकं या ‘मधूनमधून बोलतो’मध्येच मुरतंय.

तीस फोन उचलले नाहीत आणि एकतिसावा उचलला, तर समोरच्या माणसाला काय कळतं? एकतीस फोन केले की तो उचलतो, एवढंच कळतं. तो फोनवर काय बोलला, चिडला की रडला, याला फारसा अर्थ उरत नाही. तिच्यासाठी त्याचा आवाज ऐकायला मिळाला हेच पुष्कळ असतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्याऐवजी कधीतरी, नेम नसताना मिळत असेल, तर ती सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. तुमचा मित्र दयाबुद्धीने नकळत तेच करतोय. त्याच्या मनात तो तिला सावरतोय, पण तिच्यासाठी दार किलकिलं राहतंय.

म्हणून पहिलं काम त्याचं आहे, तुमचं नाही. त्याने स्वतःच्या नंबरवरून तिला लेखी, एकदाच आणि स्पष्ट कळवायचं: ‘आपलं नातं संपलं आहे. यापुढे मला किंवा माझ्या जवळच्या कुणालाही फोन, मेसेज किंवा भेट अशा कोणत्याही मार्गाने संपर्क करू नकोस. केलास तर मी पोलिसांत तक्रार देईन.’ बस. ‘सॉरी’ नको, ‘सध्या मी त्या मनःस्थितीत नाही’ नको, ‘तू खूप चांगली आहेस पण’ तर अजिबातच नको. ‘सध्या’ वाचलं की माणूस वाट बघत बसतो. पुढे पोलिसांसमोर बसाल तेव्हाही हाच मेसेज कामाला येतो, कारण नको म्हणून स्पष्ट सांगितल्यावरही त्रास चालू राहिला हे त्यावरून दिसतं.

त्यानंतर पूर्ण शांतता. रागानेसुद्धा उत्तर नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही दोघं हबकाल: शांतता सुरू झाली की पहिले काही दिवस त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. फोन वाढतात, भाषा बिघडते, मग एकदम लाडीगोडी सुरू होते. बहुतेक लोक इथेच ढिले पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. आम्ही एक उपाय केला होता. एक मार्ग ब्लॉक न करता नुसता म्यूट करून ठेवला होता आणि माझा धाकटा दीर दिवसातून एकदा ते मेसेज बघून जपून ठेवायचा. आम्ही दोघं बघायचो नाही. धमकी आली तर नजरेतून सुटत नव्हती आणि रोजचा मनस्तापही वाचत होता. असा एखादा विश्वासाचा माणूस तुम्हीही शोधा.

आता जिवाच्या धमकीबद्दल. यावर लोक दोन टोकं गाठतात, ‘नाटक आहे, सोड’ नाहीतर ‘धावत जा’. दोन्ही चुकीचं आहे. धमकी दर वेळी खरी मानायची, पण वाचवायला जाणारा माणूस तो नसावा. आमच्याकडे एका रात्री साडेअकराच्या सुमाराला मेसेज आला, ‘तू सुखी राहा, मी चालले.’ माझा आत्ताचा नवरा बूट घालायला लागला. मी त्याला दारातच विचारलं, तिच्या भावाचा नंबर आहे का? होता, पण चार वर्षांत एकदाही लावला नव्हता. त्याने आधी भावाला फोन केला, मग पोलीस नियंत्रण कक्षाला. तेव्हा १०० नंबर होता, आता ११२ लावायचा. तिचा पत्ता सांगितला, मेसेज वाचून दाखवला. तिथल्या पोलीस ठाण्याची गाडी तिच्या दारात गेली. ती सुखरूप होती. भाऊ पहाटेच्या गाडीने इचलकरंजीहून निघाला. घरच्यांना तोवर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं पोरगी ठाणे शहरात नोकरी करतेय, मजेत आहे.

त्या रात्री तो गेला असता तर पुढच्या प्रत्येक रात्री जावं लागलं असतं, आणि तिला ज्यांची खरी गरज होती ती माणसं तिच्यापर्यंत कधीच पोचली नसती. तुमच्या मित्राला तिच्या घरच्यांचा, खोलीतल्या मैत्रिणीचा, निदान एका समान मित्राचा नंबर आजच काढून ठेवायला सांगा. ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आणि मराठीतही चालते. तो नंबर तिच्या घरच्यांना द्या. तुमचा मित्रही त्यावर बोलू शकतो, त्याचाही जीव टांगणीला लागलाय. आणि पोलिसांना कळवलं तर तिच्यावरच गुन्हा दाखल होईल या भीतीने फोन करायचं टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं.

मुलांच्या मनात आणखी एक भीती असते, जी ते मैत्रिणीलाही सांगत नाहीत: ‘तिने चिठ्ठीत माझं नाव लिहिलं तर?’ तुमचा मित्रही बहुधा यासाठीच फोन उचलतो. त्याला सांगा, नुसतं नातं तोडणं म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त करणं नव्हे, हे न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात, लग्नाला नकार दिल्यानंतर मुलीने जीव दिला होता तरी, सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलाची शिक्षा रद्द केली. याचा अर्थ बेफिकीर राहा असा नाही. भीतीपोटी बोलत राहण्यापेक्षा धमकी आली त्याच वेळी घरच्यांना आणि पोलिसांना कळवलेलं असणं हेच त्याच्यासाठी जास्त सुरक्षित आहे.

तुम्ही लिहिलंय की ‘आम्ही कुठे जातो ते तिला बरोबर कळतं’. यात जादू नसते. आम्ही वसईच्या किल्ल्यावर गेलो होतो आणि परतीच्या लोकलमध्ये असतानाच तिचा मेसेज, ‘किल्ला आवडला का?’ कुणीतरी मागावर आहे म्हणून मी गाडीतल्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होते. प्रत्यक्षात नातं होतं तेव्हाचा त्याचा एक जुना टॅब तिच्याकडेच राहिला होता आणि त्यावर त्याचं गूगल खातं उघडंच होतं. आम्ही काढलेला प्रत्येक फोटो तिथे आपोआप जाऊन पडत होता. त्यामुळे आज संध्याकाळी शेजारी बसून हे सगळं तपासा: त्याच्या गूगल खात्यात कोणकोणती उपकरणं लॉग-इन दिसतात, मॅप्सवर लोकेशन कुणाला शेअर केलंय, व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये काय आहे, खात्याच्या रिकव्हरीसाठी कुणाचा नंबर किंवा ईमेल दिलाय, जेवण मागवायच्या अ‍ॅपचं खातं कुणाच्या फोनवर चालू आहे (त्यात तुमच्या घरचा पत्ता असतो), फोटोंचे जुने शेअर केलेले अल्बम. सगळे पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी चालू करा. पण अनोळखी उपकरण दिसलं तर काढून टाकण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. एवढं करूनही बातमी जात असेल तर ती एखाद्या समान मित्राकडून जातेय. त्याच्याशी तुमच्या मित्राने बोलायचं.

पुरावे कसे ठेवायचे तेही सांगते. मेसेज पुसू नका, कितीही किळसवाणे असले तरी. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि नंबर दिसला पाहिजे. बनावट अकाउंटचं नाव उद्या बदलतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं (पूर्वी ६५-ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३) आणि मूळ उपकरण हाताशी असलं की वकिलाचं काम सोपं होतं. ती ऑफिसात आली त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा असं सिक्युरिटीला आणि एचआरला ईमेलने कळवा. तोंडी सांगून भागत नाही, जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

आमच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा कुठून आला ते सांगितलं तर आश्चर्य वाटेल. बाकी सगळीकडे ब्लॉक झाल्यावर तिने यूपीआयवरून एक-एक रुपया पाठवायला सुरुवात केली आणि प्रत्येक रुपयासोबतच्या नोटमध्ये एकेक वाक्य. ‘तिला सोड.’ ‘तिच्या घरी सांगते.’ बनावट अकाउंट माझं नाहीच म्हणून ती हात वर करू शकत होती, पण ते रुपये तिच्या स्वतःच्या बँक खात्यातून, तिच्या नावानिशी आले होते. पोलीस ठाण्यात स्टेटमेंटची प्रत टेबलावर ठेवली तेव्हा तिथल्या हवालदार बाईंनी पहिल्यांदा आमच्याकडे नीट मान वर करून बघितलं. तुमच्या मित्राला पेमेंट अ‍ॅप उघडून बघायला सांगा.

पोलिसांकडे जाताना एक गोष्ट माहीत असू द्या, नाहीतर तिथे गेल्यावर हिरमोड होतो. पाठलागाचं जे कलम सगळ्यांना ऐकून माहीत असतं, जुन्या दंड संहितेत २०१३ साली आलेलं ३५४-ड, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, ते पुरुषाने स्त्रीचा पाठलाग केला तरच लागतं. त्रास देणारी मुलगी असेल तर ते कलम लागत नाही. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला जोडीदाराचा आधीचा मित्र छळत असेल, तर तुमच्यासाठी ७८ आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद.) पण याचा अर्थ कायद्यात काहीच नाही असा होत नाही. धमकीसाठी याच न्याय संहितेचं कलम ३५१ आहे आणि नाव लपवून धमकी दिली तर त्याच कलमात वेगळी, जादा शिक्षा आहे. तुमचा फोटो आणि नाव वापरून अकाउंट काढलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-क आणि ६६-ड बघायला लावा. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ऑनलाइन भागाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या करता येते.

बहुतेक वेळा ठाण्यात पहिल्यांदा ‘एन.सी.’ लिहून घेतात, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. लोक वैतागून म्हणतात, नुसत्या एन.सी.ने काय होणार? होतं. तिची प्रत मागून घ्या, ती मोफत मिळते. पुन्हा त्रास झाला की पुन्हा नोंद करा. अशा नोंदी साठल्या की ‘चॅप्टर केस’ करा म्हणून लेखी अर्ज देता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या) कलम १२६ खाली त्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांसमोर बोलावून, शांतता राखण्याचं बंधपत्र एक वर्षापर्यंत लिहून घेता येतं. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे काम सहायक पोलीस आयुक्त बघतात. तुरुंगात टाकण्यापेक्षा हे मला जास्त योग्य वाटतं. तुम्हालाही त्या मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त करायचं नाहीये, तिने थांबावं एवढंच हवंय. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

एक पथ्य मात्र पाळा. तिचे मेसेज, फोटो, नाव सोसायटीच्या किंवा मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. वॉचमनला वेगळं बोलावून फोटो दाखवा, ‘या आल्या तर वर सोडू नका, मला कळवा,’ एवढंच सांगा. चार लोकांत तिची बेअब्रू केलीत तर बदनामीची तक्रार तुमच्यावर उलटू शकते.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण ते लिहिल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. या सगळ्या गोष्टीत तुम्ही फक्त त्याची बाजू ऐकली आहे. ‘ती वेडी आहे’ हे वाक्य मुलांच्या तोंडी फार सहज येतं. चार वर्षं म्हणजे थोडा काळ नाही. त्याने लग्नाचं वचन दिलं होतं का? घरी नेऊन आईला भेटवलं होतं का? नातं तोंडावर सांगून तोडलं, की फोन उचलणं बंद करून? पैशांचा काही व्यवहार बाकी आहे का? तुमच्या ओळखीनंतरही तो तिला भेटलाय का? या प्रश्नांची उत्तरं काहीही असली तरी तिच्या आजच्या वागण्याचं समर्थन होत नाही. तुमच्या ऑफिसात येण्याचा हक्क तिला कशानेच मिळत नाही. पण तुम्ही कुणासोबत आयुष्य काढायला निघालाय ते या उत्तरांतून कळतं. शिवाय ती पोलिसांत उलट तक्रार द्यायला गेली तर यातलंच सगळं निघेल. लग्नाचं खोटं वचन देऊन शारीरिक संबंध ठेवल्याचं कलम ६९ भारतीय न्याय संहितेत आहे आणि त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते त्याने तुमच्यापासून लपवलं असेल तर तुम्हाला पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून कळायला नको.

त्याच्या उत्तरापेक्षा ते देतानाचा त्याचा सूर बघा. माझ्या नवऱ्याने मला सांगितलं होतं, ‘मी तिच्याशी वाईट वागलो. सहा महिने टाळत राहिलो, सरळ सांगितलं नाही.’ ते ऐकून मला त्याच्याबद्दल भरवसा वाटला, कमी झाला नाही. याउलट आधीच्या सगळ्याच मुली ‘सायको’ होत्या असं कुणी सांगत असेल, दर वेळी हकिगत थोडी बदलत असेल, फोन उलटा ठेवायची सवय असेल, तर इथे अडचण फक्त तिची नाही.

आणि तुम्ही तिला का भेटू नये? ‘बाई-बाई समोरासमोर बसलो तर सुटेल’ असं आपल्याला वाटतं. पण तुम्ही भेटलात की तिला तुमचं बोलणं, तुमची भीती, तुमचा वेळ मिळतो आणि भांडण तुम्हा दोघींमधलं होऊन बसतं. जो खरा मधे आहे तो बाजूला राहतो. भेटीत काय झालं याचा साक्षीदारही नसतो. तिने मेसेजमध्ये कितीही विनवलं तरी जाऊ नका, उत्तरही देऊ नका.

दोन्हीकडच्या घरच्यांना मात्र आता सांगा, तिने सांगण्याआधी. ‘तुमच्या मुलीचे प्रताप बघा’ म्हणून तुमच्या बाबांना एक दिवस मेसेज जाईल हे धरून चाला. त्यांनी आधीच तुमच्या तोंडून ऐकलेलं असेल तर त्या मेसेजची धार जाते. लग्नाचं ठरलं नसताना कसं सांगायचं, हा संकोच मला समजतो. आईला आधी सांगा, तिला सगळं एकदम सांगू नका, पण त्रास होतोय आणि आम्ही तक्रार करतोय एवढं नक्की सांगा.

नातं ठेवायचं की नाही, यासाठी त्याला पंधरा दिवस द्या आणि तसं त्याला सांगा. त्या दिवसांत त्याने तो एक मेसेज पाठवला, बोलणं पूर्ण थांबवलं, खाती तपासून घेतली, तिच्या घरच्यांशी संपर्क केला आणि तुमच्यासोबत ठाण्यात आला, तर त्रास सुरू असतानाही त्याच्यासोबत राहायला काही हरकत नाही. असा त्रास एका रात्रीत थांबत नाही, पण दोघं एका बाजूला असलात तर सोसता येतो. तो ‘बघू’, ‘तिला वाईट वाटेल’, ‘पोलीस कशाला’ एवढंच म्हणत राहिला तर मी तुमच्या जागी असते तर निघाले असते.

निघालात तरी एक लक्षात ठेवा. तुमच्या नावाची बनावट अकाउंट, तुम्हाला आलेल्या धमक्या, तुमच्या ऑफिसात झालेला प्रकार ही तुमची स्वतःची तक्रार आहे. ती द्यायला त्याची सही किंवा त्याची सोबत लागत नाही, आणि तुम्ही वेगळे झालात म्हणून ती मागे घ्यायचंही काही कारण नाही. उद्या सुट्टी असेल तर स्क्रीनशॉट तारखेप्रमाणे लावून प्रिंट काढा आणि दोन प्रती करा. एक ठाण्यात द्यायची, दुसरीवर पोच घेऊन स्वतःकडे ठेवायची.